मदत हवी आहे: यूकेत दोन नोकऱ्या, दुसरीवर बीआर टॅक्स कोड

मी लेस्टरला राहते, डिपेंडंट व्हिसावर, कामाचं बंधन नाही. सकाळी शाळेच्या किचनमध्ये, महिना साधारण ८०० पाऊंड. मेपासून संध्याकाळी दुकानात, तिथे ७००. शाळेच्या पेस्लिपवर टॅक्स कोड १२५७एल (नेहमीची करमुक्त मर्यादा धरणारा), टॅक्स शून्य. दुकानाच्या पेस्लिपवर ‘बीआर एम१’ (बीआर म्हणजे करमुक्त मर्यादा न धरता सगळ्या पगारावर २० टक्के, एम१ म्हणजे मागचे महिने न धरता दर महिन्याचा वेगळा हिशोब) आणि सरळ १४० पाऊंड वजा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, स्लिप दुसऱ्याच कुणाची आली!

माझा हिशोब असा: शाळेचे वर्षाला ९,६०० होतात, म्हणजे १२,५७० च्या करमुक्त मर्यादेतले २,९७० वापरलेच जात नाहीत. एवढे दुकानाकडे वळले तर वर्षाला ५९४ पाऊंड वाचतील.

दुकानात रुजू होताना स्टार्टर चेकलिस्टवर (नव्या नोकरीत टॅक्ससाठी भरायचा फॉर्म) ‘सी’ पर्याय निवडला होता, दुसरी नोकरी असल्यामुळे. तो बरोबरच असावा. मॅनेजर म्हणतो, कोड आम्ही बदलत नाही, एचएमआरसीकडून (यूकेच्या टॅक्स खात्याकडून) आला की लावतो. ऑनलाइन टॅक्स अकाउंटमध्ये दोन्ही नोकऱ्या दिसतात, अंदाजे उत्पन्नही मी दुरुस्त केलंय. कोड तोच.

स्टुडंट लोन, भाडं, स्वतःचा धंदा यातलं काही नाही. अडचण एकच, दुकानाचे तास पक्के नाहीत. डिसेंबरात पगार हजारावर जाईल.

अशी मर्यादा दोन नोकऱ्यांत कुणी विभागून घेतली आहे का? फोनवर नेमकं काय सांगायचं? आणि एम१ निघाला तर आधी जास्त कापलेले पैसे पुढच्या पगारात आपोआप परत येतात, की एप्रिलनंतरच, टॅक्सचं वर्ष संपल्यावर?