मदत हवी आहे: ब्रेक क्यूच्या शाफ्टला शिसव चालेल का?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पूलमधल्या नाइन-बॉलचा ब्रेक (डाव उघडणारा पहिला जोरदार फटका) मारला आणि क्यूचा शाफ्टच (म्हणजे काठीचा पुढचा निमुळता भाग) गेला. फेरूलच्या (टिपखालच्या टोपणाच्या) खाली दीडेक इंचावर तिरकी चीर. टिप मात्र शाबूत (फिनॉलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची आहे, तिला काय धाड भरलीय!). बट (मागचा जाड भाग) उत्तम आहे, फक्त 29 इंची, 13 मिमी टोकाचा शाफ्ट हवा. बाहेरून मागवणं खिशाला झेपणारं नाही.

गाव सावंतवाडीजवळ. ओळखीचे एक कातारीकाका म्हणाले, "लाकूड आण, कातून देतो." त्यांनी जन्मभर खेळण्यांसाठी पांगारा कातलाय, क्यू हा प्रकार पहिल्यांदाच बघतायत. माळ्यावर आजीच्या पलंगाचे मच्छरदाणीचे खांब आहेत. अस्सल शिसव, पन्नासेक वर्षं मुरलेलं. शेजारी धावड्याचा दांडाही द्यायला तयार आहेत. कुऱ्हाडीला चालतो तर ब्रेकला का नाही, हा त्यांचा मुद्दा. शाफ्ट नेहमी मेपलचा असतो, आणि शिसव मेपलपेक्षा कठीण, म्हणजे ब्रेकला जास्त जोर, असा माझा हिशोब. चुकतोय का?

प्रतिसाद 1

थोडा चुकतोय. मेपलचा शाफ्ट साधारण 110 ग्रॅमचा असतो, त्याच मापाचा शिसवाचा 130च्या आसपास जाईल. नियमाला अडचण नाही, अख्खा क्यू 25 औंसांपर्यंत (सुमारे 700 ग्रॅम) चालतो. पण ते वजन टोकाकडे वाढतं. ब्रेकला जोरात मारताना फटका मधोमध बसत नाही, आणि टोक जितकं जड तितका पांढरा बॉल बाजूला सरकतो. रॅकच (मांडलेल्या बॉलचा गठ्ठा) चुकला तर जोर घेऊन काय करायचं?

दुसरं म्हणजे शिसवाच्या रेषा (लाकडाचे धागे) एकमेकींत गुंतलेल्या असतात. खांबाच्या जाडीत ते खपतं, 13 मिमीत नाही. धावडा चिवट खरा, पण वाळताना तडे देतो, त्यामुळे ओला दांडा असेल तर विसरा.

आणि एक करा. तुटका शाफ्ट उजेडात धरून चिरेजवळच्या रेषा बघा. त्या टोकापर्यंत सरळ जातात की मध्येच कडेला बाहेर पडतात?

धागाकर्ता

बघितलं. रेषा बाहेर पडतात आणि चीर बरोब्बर त्यांच्याच वाटेने गेलीय! म्हणजे इतके दिवस मी बिचाऱ्या मेपलला शिव्या घालत होतो.

प्रतिसाद 2

मग मेपलच घ्या, किंवा ॲश. स्नूकरचे बरेच क्यू ॲशचे असतात आणि त्याच्या रेषा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात, नवख्याला तेच सोपं. फर्निचरवाल्यांच्या वखारीत आयात केलेल्या फळ्या असतात, तिथे रेषा बघून स्वतः निवडा. गाठ नको. इंचभर जाडीची पट्टी काढा, पण काकांना सांगा, एका बैठकीत 13 मिमीवर आणायची नाही. थोडं कातायचं, दोरीला उभं टांगायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग पुढचा हात. बाक यायचा असेल तर तो जाड असतानाच येऊ दे. आणि कोकणातल्या पावसात तर हे काम काढूच नका.

धागाकर्ता

आभार. काकांना टांगायचं सांगितलं तर म्हणाले, "खेळणं दुपारी कातून संध्याकाळी रंगवतो, ह्याला दिवाळी उजाडणार!" पण तयार झालेत. शिसवाचा खांब तसाही बाद होता, वरून आठ इंचावर आजोबांनी मारलेला खिळा निघाला. आता कोल्हापूरच्या वखारीत जाणार. एक इंची ॲशची सुटी पट्टी देतात का ते, की अख्खी फळीच उचलावी लागते?