सहावीची शेकडेवारी कांदा-द्राक्षाशी कशी जोडावी?

कादवाकाठ:
दिंडोरी तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा. वर्गात निम्मी मुलं बागायतदारांची, निम्मी सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामाला आलेल्या कुटुंबांची. या मजूर कुटुंबांत कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातली शेकडेवारी सुटते, उदाहरण जरा फिरवलं की अडतात. अभ्यासक्रम मागे न पडता काय करता येईल?

गणितवही:
सफरचंदांच्या जागी कांदे लिहून भागत नाही. घरात जो निर्णय खरोखर घ्यावा लागतो, तो फळ्यावर आणा. उन्हाळ कांदा लगेच विकायचा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायचा? समजा 100 क्विंटल, भाव क्विंटलला 1500 रुपये, म्हणजे दीड लाख. सप्टेंबरपर्यंत घट आणि सड मिळून 30 टक्के धरा. किती भाव मिळाला तर बरोबरी होईल?

बरीच मुलं 1500 वर 30 टक्के चढवून 1950 सांगतील. लगेच चूक म्हणू नका, 70 क्विंटलने गुणायला लावा. 1,36,500 येतात, साडेतेरा हजार कमी. बरोबरीचा भाव 1,50,000 भागिले 70, साधारण 2143. घट 100 वर मोजली होती, भरून काढायची आहे 70 वर. म्हणून भाव जवळजवळ 43 टक्के चढावा लागतो. ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न इथे मुलं स्वतःहून विचारू लागतात, आणि सगळा धडा त्यावरच उभा आहे. हमाली, तोलाई, गाडीभाडं दुसऱ्या दिवशी घाला. पहिल्याच दिवशी घातलं तर मुद्दा हरवतो.

सुरगाणेकर:
उदाहरण उत्तम, पण ते मालकाच्या बाजूचं आहे. द्राक्षाच्या छाटणीचं उक्तं काम घ्या, म्हणजे रोजावर नाही, एकरामागे दर ठरवून घेतलेलं. लागवड 9 बाय 5 फूट, एकर 43,560 चौरस फूट, म्हणजे 968 वेली. टोळीत 8 जण. एकराचा चालू दर मुलंच सांगतील. वेलीमागे किती पडले, माणशी किती, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, वजा जाता किती टक्के हातात आले? उचलीचा आकडा मात्र काल्पनिकच ठेवा. कोणाच्या घरावर किती कर्ज, कोणाची किती जमीन, हे वर्गात विचारायचंच नाही. चार-चारच्या गटात दोन्हीकडची मुलं बसवा. छाटणीच्या गणितात मजुरांची मुलं इतरांना समजावतात.

पहिली पाच मिनिटं जोडीत घरच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत मांडणी. घट, उचल, उक्तं यांना घरी काय म्हणतात ते मुलांनीच लिहून भिंतीवर लावावं. त्यांचं लेखन दुरुस्त करू नका.

कादवाकाठ:
ज्यांना शेतीत रस नाही त्यांचं काय? आणि परीक्षेचं?

गणितवही:
शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच आवडते असं धरून चालू नका. क्रिकेटचा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा, द्या: 36 चेंडूंत 45 धावा, 125. शंभराच्या वरची टक्केवारी यातून पटकन उमगते. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे धड्याअखेर मुलांना जे यायला हवं ते, तीच राहते. तीन तासिका पुरतात: पुस्तकातलं उदाहरण, मग परिसरातलं, आणि तिसऱ्या तासिकेला पूर्ण अनोळखी, परीक्षेच्या धाटणीचं. ही तिसरी गाळली की मुलं कांद्याची टक्केवारी काढतात आणि व्याजाच्या गणितावर पुन्हा अडतात.