मदत हवी आहे: चित्रमालिकेवरून गटलेखन, पण लिहितो एकच जण

दुसरी भाषा शिकणाऱ्यांचा वर्ग आहे. चौघांचा गट, सहा चित्रांची मालिका, ४० मिनिटं. चित्रं उलटसुलट करून वाटायची, आपलं चित्र न दाखवता वर्णन करायचं आणि बोलूनच क्रम लावायचा. इथपर्यंत झकास चालतं, कारण माहिती प्रत्येकाकडे अर्धवट असते आणि बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

घोडं अडतं ते कागद पुढे आल्यावर. चित्रं टेबलावर उघडी पडली की ती गरजच संपते. ज्याचं अक्षर आणि व्याकरण बरं, त्याच्या हाती पेन जातं, बाकीचे मान डोलावतात. पेन दर दोन वाक्यांनी फिरवलं तर सगळे लिहितात खरे, पण काळ मध्येच बदलतो: ‘मुलगा पळाला. कुत्रा मागे येतो.’

दुसरी अडचण, गोष्टीऐवजी यादी येते. ‘ही छत्री आहे. हा पाऊस आहे.’ ‘तेवढ्यात’, ‘म्हणून’, ‘तरीही’ अशा शब्दांच्या चिठ्ठ्या दिल्या, तर त्या कुठेही डकवल्या जातात. पाचवं चित्र काढून घेतलं की मात्र कारण शोधावं लागतं आणि वाक्यं जरा जोडली जातात. शब्दसंग्रह तोकडा असलेले तिथेच गारद होतात, हेही आहे.

तर विचारायचंय: आधी १० मिनिटं एकेकट्याने कच्चं लिहून मग गटात एकच मसुदा करणं कोणी नियमित करतं का? चार मसुदे जुळवताना वेळ कसा आवरता? आणि गुण गटाला देता की ज्याच्या त्याच्या कच्च्या कागदाला?