आधी हॉल, मग साड्या
एका ताईंनी विचारलंय की साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरात, तर आधी साड्या की हॉल? अहो हॉलच! चातुर्मासात सहसा मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागलं की सगळे एकदम तुटून पडतात, त्यामुळे भटजींकडून दोन-तीन तारखा घ्या आणि हॉल मिळेल ती फायनल. केटररकडून जास्तीच्या ताटांचा रेट लिहूनच घ्या, आम्ही 300 सांगितली, लागली 340, शेवटच्या पंगतीला मठ्ठा संपला ते मावशी अजून ऐकवते. भटजींच्या यादीतलं सामान आदल्या रात्री एका पिशवीत भरून एकाच माणसाकडे द्या. आमचा अंतरपाट घरी कपाटातच राहिला, मग मामाचं उपरणं धरलं, ते इतकं तोकडं की नवरानवरी अख्खी मंगलाष्टकं एकमेकांकडे बघून हसत होते 😄

आणि हो, रजिस्ट्रेशन! महाराष्ट्रात लग्नानंतर 90 दिवसांच्या आत करायचं असतं, 3 साक्षीदार लागतात, लग्नपत्रिकाही मागतात. आम्ही सगळ्या पत्रिका वाटून मोकळे, शेवटी काकूंच्या फ्रीजवरची काढून आणली, हळदीच्या डागासकट.