लोकधून, लॅटिन आणि आठ अक्षरं

लॅटिन सायंस्तोत्राला लोकगीताची चाल लावणं म्हणजे भेसळ, असं काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. सोळाव्या शतकात टॅव्हर्नर, टाय आणि शेपर्ड या तिघा इंग्रज संगीतकारांनी 'वेस्टर्न विंड' या चक्क प्रेमगीताच्या चालीवर अख्खे लॅटिन 'मास' (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठीच्या संगीतरचना) बांधले. पुढे १९०६च्या 'इंग्लिश हिम्नल' या स्तोत्रसंग्रहामध्ये व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने खेडोपाडी टिपलेल्या चाली चर्चमध्ये आणल्या, पण तिथे शब्द इंग्रजी होते.

खरी गंमत छंदात आहे. 'ते लूचिस आन्ते तेर्मिनुम' हे रात्री झोपण्यापूर्वीच्या कॉम्प्लीन प्रार्थनेतलं स्तोत्र. कडवं चार ओळींचं, दर ओळीत ८ अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे (ते-लू-चिस-आन्-ते-तेर्-मि-नुम). इंग्रजी बॅलडच्या, म्हणजे कथागीतांच्या, बऱ्याच चाली मात्र ८-६-८-६ अशा. म्हणजे एक ओळ सोडून दोन-दोन अक्षरं कोंबायची, नाहीतर मुळातच आठ-आठची चाल शोधायची. त्यात 'तेर्मिनुम'चा आघात 'तेर'वर आणि चालीचा लांब सूर बहुधा ओळीच्या शेवटी, म्हणजे 'नुम'वर. कॉयरने (गायकवृंदाने) तो फुगवला की मजा गेली. हलकेच सोडायला हवा.

टॅलिस या इंग्रज संगीतकाराने १५७५ साली छापलेल्या याच स्तोत्राच्या रचनांत पहिलं आणि तिसरं कडवं साध्या प्लेनचँटमध्ये (चर्चच्या जुन्या, एकसुरी गायनात) ठेवलं, फक्त मधलं पाच आवाजांत मांडलं. लोकधून घेणाऱ्यांनीही पहिलं कडवं नुसतं एकाच आवाजात, बिनसाथीचं ठेवावं. चाल कानात बसायच्या आतच हार्मनीचे थर चढवले, तर ती लोकधून आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?