डोळे झाकले, कानांचं काय?

पोरांनी सिनेमातली हिंसा बघू नये म्हटलं की लोक म्हणतात, "आम्हीही मारधाड बघतच वाढलो, काय बिघडलं?" हे काही पटत नाही बुवा. तेव्हाचं ढिशूम ढिशूम कुठे आणि आताचे चिरफाडीचे क्लोजअप कुठे! गेल्या महिन्यात एका 'ए' सिनेमाला पुढच्या रांगेत पाचेक वर्षांचा मुलगा होता. आईने त्याचे डोळे झाकले, कान उघडेच. मध्यंतरात पॉपकॉर्नला हात लावेना, "घरी जाऊ" एवढाच धोशा. 'ए' म्हणजे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आईबाप सोबत असले तरी. दारावरच्याने तिकीट बघितलं, पोराकडे नाही.

ओटीटीला, म्हणजे नेटवरून घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या ॲपना, सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे १३+ (तेरा वर्षांवरच्यांसाठी) पासून पुढच्या गोष्टींना पालकांच्या हातात राहील अशा लॉकची सोय द्यावी लागते. आमच्याकडे त्या लॉकचा पिन नंबर लेकीला माझ्याआधी पाठ होता, ते सोडा.