मदत हवी आहे: दिवाळीत कॅम्पर व्हॅनने विजापूर-बदामी-हंपी, सोबत दोन मुलं आणि सासूबाई

जुळेसोलापूर:

भाऊबीज उरकली की सहा दिवस काढून कॅम्पर व्हॅनने विजापूर, बदामी, हंपी करायचं घरात ठरतंय. ठरतंय म्हणजे नवऱ्याचं आणि मुलांचं ठरलंय, माझं आणि सासूबाईंचं अजून व्हायचंय. मुलगी नऊची, मुलगा पाचचा, सासूबाई सत्तरीच्या आणि गुडघे दुखरे. मुलांना घेऊन अशा गाडीत कुणी राहून आलं असेल तर खरं खरं सांगा. व्हिडिओत सगळे सूर्यास्त दाखवतात, संडासाची टाकी कुणी दाखवत नाही.

सोलापुरात आम्हाला अशी गाडी मिळाली नाही, म्हणून पुण्यात जाऊन एक बघून आलो. ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. मागे आडवा पलंग, सोफा उघडला की दुसरा पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. पोरगा आत शिरल्या शिरल्या माळ्यावर चढला तो वीस मिनिटं खाली आलाच नाही. सासूबाईंनी पदर नाकाला लावून संडासाचं दार उघडलं, शेजारच्या ओट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथंच रांधायचं आणि इथंच जायचं?" मालक म्हणाला, आजी, खाली सीलबंद कॅसेट आहे, म्हणजे काढता येणारी टाकी, वास येत नाही. "मग ती नेऊन ओतायची कुणी?" यावर तो हसला, उत्तर काही दिलं नाही.

भाडं दिवसाला बारा हजार, ड्रायव्हरसकट, रोजचे अडीचशे किलोमीटर धरून. एसी रात्रभर चालतो म्हणाला. पाण्याची टाकी शंभर लिटरची. रात्री गाडी कुठं लावायची हे "कुठंही लावा" एवढ्यावर सोडलंय. बायकामाणसं, लहान पोरं घेऊन कुठंही कशी लावणार?

आणि माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. गाडीत गॅस, फ्रिज, भांडी सगळं आहे हे ऐकल्यापासून घरातले सगळे खूश आहेत. नवरा म्हणतो, "मस्त, पोहे करता येतील." करणार कोण? सुट्टीला निघायचं आणि स्वयंपाकघर पाठीवर बांधून न्यायचं, हे मला पटेना. ज्या बायका जाऊन आल्या त्यांनी सांगावं.

हॉटगीनाका:

मागच्या हिवाळ्यात बायको-पोरांसोबत चार रात्री अशा गाडीत काढल्यात, म्हणून लिहितो.

आधी एसीचा हिशेब. मालकाला बॅटरी किती विचारा. बारा व्होल्ट, दोनशे अँपिअर-अवर असेल तर सगळी मिळून 2.4 युनिट वीज होते. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे दोन तासांत खेळ खलास. "रात्रभर चालतो" म्हणजे बाहेरून वायर जोडली तर चालतो. त्यासाठी हॉटेलच्या आवारात पंधरा अँपिअरचा पॉइंट हवा, अर्थिंग असलेला, आणि जाड वायर हवी. आम्ही एसी आणि किटली एकदम लावली आणि अख्ख्या लॉजची बत्ती गुल केली. मॅनेजर बनियनवर धावत आला. दिवाळीनंतर तिकडं रात्री थंडी पडायला लागते, पंख्यावर भागेल. जाळीच्या खिडक्या आहेत का तेवढं बघा.

पाण्याचं म्हणाल तर शॉवर विसराच. मिनिटाला सात-आठ लिटर जातात, पोरं दहा मिनिटं उभी राहिली की पाऊण टाकी संपली. शंभर लिटर हे तोंड धुणं, भांडी आणि रात्रीचा संडास एवढ्यासाठीच धरा. अंघोळ बाहेर.

कॅसेटचं उत्तर: खालून सुटकेससारखी ओढून काढायची आणि संडासात ओतायची. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशीच भरली. ते काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, दिसेल तिथं उतरवून आणायला लागलो. रात्री फक्त पोरांना आणि आजींना वापरू द्या.

सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, तिथून बदामी सव्वाशे, मग हंपी, आणि परत सव्वातीनशे. त्यात पुण्याहून रिकामी गाडी येण्याजाण्याचे पाचशे. मीटर गॅरेजपासून चालू होतं का तुमच्या दारापासून, हे लेखी घ्या. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, तेही कागद हातात घेऊन बघा. भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, तिथं रस्त्याकडेला हुज्जत नको.

बाळीवेस:

ओ ताई, माळ्यावर पोरगं चढलं म्हणताय, गाडी चालू असताना चढू देऊ नका. चौदा वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागतंय, नसलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, ब्रेक लागला की ते खालीच येतंय. आणि सोफा आडवा असेल, बाजूला तोंड करून बसायचा, तर त्यावर पोरांना बसवू नका. आमचं पोरगं एरवी कधी गाडी लागलं म्हणत नाही, त्या सोफ्यावर मंद्रूप यायच्या आत उलटी करून सोडलं. पुढं तोंड असलेली सीट किती आणि बेल्ट किती, मोजून घ्या.

अजून एक. ड्रायव्हर झोपणार कुठं? हे कुणीच विचारत नाही.

जुळेसोलापूर:

नवरा म्हणतो, मग मीच चालवतो. त्याच्याकडे कारचं लायसन आहे. चालतं का?

हॉटगीनाका:

लायसनचा अडथळा नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिलाय की एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. पण मालक देईल का, ते वेगळं. आणि सहा-सात मीटरची गाडी बदामीच्या बाजारातून मागं घेताना तुमचा संसार पणाला लागेल, एवढं सांगतो.

माहेर_पंढरपूर:

स्वयंपाकाचं मी सांगते. जाऊन आलेय आणि फसलेय. पहिल्या दिवशी हौसेने खिचडी टाकली. फोडणीचा ठसका अख्ख्या गाडीत भरला, गाद्यांना दोन दिवस लसणाचा वास. तेव्हापासून नियम केला, गॅसवर चहा आणि दूध सोडून काही नाही, आणि चहा नवऱ्याने करायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, एवढं सोबत असलं की सोलापूरचा माणूस उपाशी राहत नाही. गाडी चालू असताना सिलिंडर बंद आणि पट्ट्याने बांधलेला, गॅस पेटवला की खिडकी उघडी, हे मात्र स्वतः बघा.

सासूबाईंसाठी: बदामीच्या लेण्यांना पायऱ्या आहेत, त्यांना खाली अगस्त्य तलावाकाठी सावलीत बसवा. माकडांपासून पिशवी सांभाळा, गाडीच्या खिडक्याही लावून घ्या. पट्टदकल सगळं सपाटीवर आहे, तिथं त्या आरामात फिरतील. बदामीजवळच बनशंकरी आहे. देवळाबाहेर बायका टोपल्यातून ज्वारीची भाकरी, भाजी, चटणी आणून वाढतात, माझ्या सासूने तिथं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. गोलघुमटाच्या जिन्याला त्यांना नेऊ नका, पोरांना न्या, पण सकाळी लवकर. सहली आल्या की वरच्या सज्जात नुसता आरडाओरडा घुमतो, कुजबुज कुठली ऐकू येतेय. आणि हंपीला निघताना पोरीच्या हातात पन्नासची नवी नोट द्या. तिच्यावरचा दगडी रथ समोर दिसला की तोंड बघा तिचं. विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही, अलीकडे लावून बॅटरीच्या गाडीने जायचं.

जुळेसोलापूर:

सगळ्यांचे आभार. बनशंकरी आमची कुलदेवी, हे नाव काढल्यावर सासूबाई स्वतः मालकाचा नंबर मागायला लागल्या. ड्रायव्हर कुठं झोपणार, असं मालकाला विचारलं. "पुढच्या सीटवर, त्याला सवय आहे." दिवसभर आमची पोरं ज्याच्या हातात, तो रात्रभर स्टेअरिंगला गुडघे टेकवून झोपणार असेल तर मला नाही चालणार. म्हणून सहाऐवजी पाच दिवस, बदामी आणि हंपीला गाडी हॉटेलच्या आवारात लावायची, एक खोली घ्यायची. तिथंच अंघोळी, तिथंच कॅसेट, आणि रात्री ती ड्रायव्हरला. पोरं आणि आम्ही गाडीत. सासूबाई म्हणाल्या, त्या बघून ठरवतील.

नवऱ्याला चहाचं सांगितलंय. तो "बघू" म्हणाला.

राहिली विजापूरची रात्र. तिथं गाडी आत लावू देणारं, पंधरा अँपिअरचा पॉइंट देणारं लॉज किंवा यात्री निवास कुणाला माहीत आहे का? उंच गाडी आहे, फाटकावर कमान नसलेलं हवं.